बॅकस्टेजचं काम सुरू होतंय: रोज जवळ बाळगायला कोणती हत्यारं घेऊ?

अंधारातली

नमस्कार मंडळी. तीन वर्षं वाचनमात्र होते, आज पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

कॉलेजात असताना दोन वर्षं पुरुषोत्तमला आणि बाहेरच्या काही एकांकिका स्पर्धांना लाइट्स सांभाळले. सांभाळले म्हणजे दिग्दर्शक ओरडेल तेव्हा ओरडेल ती दांडी वर-खाली केली. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झाला. आता १ तारखेपासून एका प्रकाशयोजनाकारांकडे असिस्टंट म्हणून जातेय. व्यावसायिक नाटक, महिन्याला पंधरा-वीस प्रयोग, पुणे-मुंबई-नाशिक आणि मधूनमधून दौरा.

सरांना फोनवर विचारलं, काय काय आणू? म्हणाले, "डोकं आण आणि स्वतःचा पाना आण. माझा मागायचा नाही." एवढं बोलून ठेवला फोन.

बजेट ५,००० रुपये. बाबांनी हौसेनं लाल पत्र्याची हत्यारांची पेटी आणलीय, रिकामीच दीड-दोन किलो भरेल. काका पुढच्या आठवड्यात अमेरिकेतून येतायत, ते विचारतायत लेदरमॅन (पकड-सुरी-स्क्रूड्रायव्हर एकातच असलेला घडीचा मल्टिटूल) आणू का. आतापर्यंत माझी खरेदी: दोन काळे टी-शर्ट, एक टेस्टर आणि रेडियमची पट्टी. ती आरटीओसमोरच्या दुकानात स्वस्तात मिळाली. अजून काय घेऊ? आणि काय घेऊ नको?

विंगेतला

अभिनंदन. पेटी परत कर, नाहीतर त्यात घरचे खिळे-मोळे ठेव.

का ते सांगतो. तू घोड्यावर (उंच शिडीवर) चढलेली असशील, पेटी खाली असेल. दर दोन मिनिटांनी खालच्याला "अरे तो पाना दे, नाही, तो मोठा नाही" हे ऐकवशील. चौथ्या दिवशी तो पोरगा चहाला गेलेला असेल. जे कमरेला आहे तेच तुझं हत्यार. बाकीचं सगळं गोडाउनचं सामान.

पाना: आठ इंची अ‍ॅडजस्टेबल, एकच. फिक्स पान्यांचा सेट घेऊ नकोस. दिवा पाइपाला अडकवायचा जो हुक क्लॅम्प असतो त्याचा नट एका थिएटरला १३ चा, दुसऱ्याला १७ चा, तिसऱ्याला १९ चा, आणि चौथ्या ठिकाणी कुणीतरी भलताच बोल्ट बसवून ठेवलेला. आठ इंची पान्यात हे सगळे बसतात. टपारियाचा घे, नाशिकची कंपनी आहे, आयुष्यभर जातो. दुकानात जबडा हातानं हलवून बघ. लडबडत असेल तर दुसरा मागून घे. नट पिळताना जोर नेहमी स्थिर जबड्यावर यायला हवा. उलटा धरलास की जबडा सैल होतो आणि नटाचे कोपरे गोल होतात. गोल झालेला नट पुढच्या माणसाच्या शिव्या खातो, आणि पुढचा माणूस म्हणजे बहुतेक वेळा आपणच.

आता महत्त्वाचं. पान्याच्या दांड्याला भोक असतं. त्यात जाड सुतळी किंवा पॅराशूट दोरी ओवून दुसरं टोक पट्ट्याला. वीस फुटांवरून पडलेला पाना खाली येईपर्यंत ताशी ३९ किलोमीटरचा वेग घेतो. माझ्या हातून एकदा सुटलाय. प्रयोगाला दीड तास होता म्हणून तिसऱ्या रांगेत कुणी नव्हतं. खुर्चीच्या लाकडी हाताचा टवका उडाला तो अजून तसाच आहे. त्या थिएटरला गेलो की आधी ती खुर्ची बघतो.

सहज_सुचलं

वाचतेय. माझा मुलगाही याच नादाला लागलाय, तेव्हा हा धागा त्याला न दाखवता स्वतःसाठी वाचखूण करून ठेवते.

टेम्सकाठी

मी लंडनमध्ये एका नाट्यगृहात लाइटिंग टेक्निशियन आहे, मूळची डोंबिवलीची. लेदरमॅनबद्दल माझं मत विंगेतला यांच्यापेक्षा वेगळं पडेल बहुतेक (अजून त्यांनी दिलेलं नाही पण अंदाज आहे). माझ्या कमरेला तो रोज असतो. केबल टाय कापणं, जिलेटिन (दिव्यापुढचा रंगीत पारदर्शक कागद) कापणं, एखादा ढिला स्क्रू, अडकलेली पिन ओढणं... दिवसातली निम्मी कामं अशीच असतात. काका आणतायत तर हो म्हण. फक्त परत येताना-जाताना विमानात हातातल्या बॅगेत ठेवू नका, काढून घेतात.

एक गंमत. इथे घराघरांत चौकोनी पिनांचे प्लग असतात, आत फ्यूजवाले. पण थिएटरातल्या दिव्यांना अजून गोल पिनांचा १५ अँपिअरचा जुना प्लग लावतात. आपल्या गीझरला असतो ना, तोच घराण्यातला. पहिल्या दिवशी ग्रिडवर (दिवे टांगायच्या वरच्या जाळीवर) चढले आणि तो प्लग हातात आला तेव्हा एकदम घरच्या मोरीत उभी असल्यासारखं वाटलं. कारण अगदी व्यावहारिक आहे: त्या प्लगात फ्यूज नसतो. भर प्रयोगात फ्यूज उडाला तर तो बदलायला वर कोण चढणार? संरक्षण खाली डिमरपाशी, म्हणजे उजेड कमी-जास्त करणाऱ्या यंत्रापाशी.

विंगेतला

@टेम्सकाठी, अंदाज बरोबर आहे. मल्टिटूल म्हणजे लग्नातला उत्साही मावसभाऊ. सगळ्यात हात, एक काम पुरं नाही. त्याच्या पकडीनं हुक क्लॅम्पचा नट आवळून बघा आणि मग सांगा. फुकट मिळतोय तर घ्यावा, पण त्याच्या भरवशावर पाना घरी ठेवू नये, एवढंच.

टेम्सकाठी

नट पान्यानंच आवळतात हो, ते मीही म्हणतेय. माझ्या पट्ट्याला दोन्ही असतात आणि दोन्हींना दोरी. इथे दोरी नसेल तर वर चढूच देत नाहीत.

गुण्या_ओळंबा

मी कोल्हापूरचा. सुतारकीत आयुष्य गेलं, त्यातली तीसएक वर्षं नाटकाच्या सेटांवर. लाइटवाल्यांचं चालू दे, पण पोरी, तुला सेटवाल्यांची पण हत्यारं ओळखता आली पाहिजेत. दौऱ्यावर माणसं कमी असतात, फ्लॅट, म्हणजे सेटची सुटी भिंत, उभा करायला तुलाच हाक मारणार.

आमच्याकडं काय लागतं? नखवाली हातोडी, पक्कड, पटाशी, गुण्या, मोजपट्टी, खिशात मूठभर दीड इंची चुका. ह्यातलं तू काही घेऊ नको. पण बिजागरीची पिन काढायला आणि बसवायला शीक. दोन फ्लॅट जोडतात ते बहुतेक सुट्या पिनेच्या बिजागरीनं. प्रयोग संपला की पिन ओढली, फ्लॅट सुटे, टेंपोत. ती पिन हरवते, रोज हरवते. मग माणसं खिळा घालतात, खिळा जाड निघतो, ठोकून बसवतात, आणि रात्री साडेबाराला सेट काढताना निघत नाही. आठ-दहा नंबरची जाड तार वाकवून चार पिना करून खिशात ठेव. चार आण्याचं काम, पण त्या रात्री तू देव वाटशील.

आणि पायात काय घालणार ते लिहिलं नाहीस.

अंधारातली

काका, पिनांचं आजच करते. बाबांकडे तार आहे.

पायात... तेच विचारायचं होतं. कॉलेजात आम्ही रंगमंचावर चपला घालून जायचोच नाही. सवयच नाही. यूट्यूबवर बघते तर बाहेरचे सगळे लोखंडी टोकाचे बूट घालून असतात.

गुण्या_ओळंबा

हितं माझं मत ऐक. रंगमंचाला पाया पडून चढायचं हे आमच्या पिढीच्या हाडात आहे. मी पण अनवाणीच राबलो. १९९८ का ९९ च्या हंगामात पट्टीतला उलटा खिळा टाचेत गेला, आरपार नाही पण चांगला बोटभर. टिटॅनसचं इंजेक्शन घेऊन रात्रीचा प्रयोग लावला. त्या दिवसापासनं माझा नियम: सेट लागेपर्यंत बूट. केर काढला, खिळे वेचले, नारळ फुटला, की बूट विंगेबाहेर. नटराज काही रागवत न्हाई, त्याच्या पायाखाली पण कुणीतरी आहेच.

विंगेतला

काकांना अनुमोदन. पण लोखंडी टोकाचे नकोत. फळीवर टक-टक वाजतात आणि ब्लॅकआउटमध्ये तू चालतेस ते पाचव्या रांगेपर्यंत ऐकू जातं. जाड रबरी तळव्याचे काळे बूट, पुढचं टोक जरा कडक. आमच्यातले काही जण सेट लावताना एक आणि प्रयोगात एक असे दोन जोड ठेवतात.

पणजीचा_पाऊस

मी गोव्यातून. बुटांच्या बाजूनं आणखी एक मुद्दा आहे आणि तो भक्तीचा नाही, विजेचा आहे. कला अकादमी किंवा रवींद्र भवनासारख्या ठिकाणी वायरिंग व्यवस्थित असतं, अर्थिंग असतं. पण आमच्याकडे जत्रेची नाटकं देवळासमोरच्या मांडवात होतात. वीज देवळाच्या लाइनवरून किंवा शेजारच्या घरातून. तिसरी पिन म्हणजे प्लगाला शोभा. रात्री दोननंतर दव पडतं, केबलचे जोड ओले होतात. अशा वेळी पार कॅन नावाच्या पत्र्याच्या दिव्याला अनवाणी हात लावणं म्हणजे... मी एकदा लावलाय. हात झटकला गेला आणि कोपर मागच्या खांबावर आपटलं. ते काळं-निळं कोपर त्या दिवशी मला स्वस्त पडलं.

दुसरं: समुद्राकाठी पक्कड-पाना आठवड्यात तांबारतात. दौरा कोकण-गोव्याकडे असेल तर एका जुन्या मोज्यात मशीन ऑइलचं बोट फिरवून हत्यारं त्यात गुंडाळून ठेव. खोबरेल नको, ते थंडीत थिजतं आणि मुंग्या येतात.

वडसा_नाइट

झाडीपट्टीतून रामराम. आमच्या वडशात दिवाळीनंतर हंगाम लागला की रोज नाटक. रात्री दहाला पडदा उघडला की पहाटेपर्यंत. सकाळी शंकरपट (बैलांची शर्यत), रात्री नाटक, असं चालते. वीज जनरेटरची.

तुम्ही टेस्टर घेतला म्हणता. ठेवा, पण त्याच्यावर इमान ठेवू नका जी. मागच्या सालचा किस्सा सांगतो. सॉकेटात टेस्टर टाकला, पेटला. दुसऱ्या भोकात टाकला, तिथंही पेटला. पोरगा म्हणे, वा, डबल करंट! अरे बाबा, मागं कुठंतरी न्यूट्रल तुटलेला होता आणि पुढं लागलेल्या दिव्यांतून फेज फिरून न्यूट्रलमध्ये येत होती. टेस्टर फक्त "फेज आहे" एवढंच सांगतो. न्यूट्रल जिवंत का मेला, अर्थिंग आहे का नाही, व्होल्ट किती, हे काहीच नाही सांगत. आणि स्टेजवर पिवळा फ्लड लागलेला असला की त्याची ती बारीक लाल ठिणगी दिसतच नाही.

मल्टिमीटर घ्या. हजार-बाराशेचा चालते, पण तिनशेवाला घेऊ नका, त्याच्या वायरी टोकापाशी उघड्या पडतात. जनरेटर चालू झाला की आधी मीटर लावायचा. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास पाहिजे, न्यूट्रल-अर्थ दोन-चार व्होल्टच्या वर नको. आमचा जनरेटरवाला एकदा डुलकी काढत होता, मीटरवर २७० दिसलं. एलईडी पार लावायच्या आधी पाहिलं म्हणून सहा दिवे वाचले.

अंधारातली

बापरे, डबल करंट! हे डिप्लोमात कुणी असं शिकवलं नाही.

मीटरवरून आठवलं. कॉलेजच्या हॉलमध्ये डिमर पूर्ण खाली असताना मी त्याच्या सॉकेटला मीटर लावला होता तर ९० व्होल्टच्या आसपास दाखवत होता. मी घाबरून सगळं बंद केलं. डिमर खराब होता का?

विंगेतला

नव्हता. त्या सॉकेटला दिवा जोडलेला नव्हता ना? डिमर 'बंद' असला तरी आतल्या थायरिस्टरमधून आणि फिल्टरमधून किंचित करंट झिरपत असतो. मीटर इतका कमी करंट घेतो की त्याला तेवढ्यानंही मोठा आकडा दिसतो. एक साधा शंभरचा बल्ब जोड, आकडा लगेच बसेल. डिमर तपासायला दिवा लागतो, मीटर नाही. पण म्हणून ९० ला खोटं समजून बोट घालू नकोस. मेन स्विच खाली पाडल्याशिवाय डिमरच्या सॉकेटाला 'मेलेला' म्हणायचं नाही.

आणि जाता जाता एक हिशोब पाठ कर: हजार वॉटचा पार २३० व्होल्टवर साधारण ४.३ अँपिअर खातो. १६ च्या सॉकेटावर तीन बसतात, चौथा नाही. कोणी कितीही "अहो, चालतं" म्हटलं तरी.

कोपरावर_नको

साउंडवाला बोलतोय. लाइटवाल्यांना हात जोडून विनंती: आमची माइकची केबल उचलून डीएमएक्सला, म्हणजे दिव्यांना हुकूम पोचवणाऱ्या लाइनला, लावू नका. प्लग सारखा दिसतो म्हणून केबल सारखी होत नाही. दहा फुटांना चालून जाते, आणि मग दौऱ्यावर ऐंशी फूट ओढलीत की तिसऱ्या अंकात दिवे आपोआप लुकलुकायला लागतात आणि दिग्दर्शक आमच्याकडे बघतो.

ताईला सल्ला: स्वस्त एलईडी पारना मागे तीन पिनांचं तोंड असतं आणि दिवे चालवायच्या चांगल्या बोर्डाला पाच पिनांचं. त्या दोघांची सोयरीक लावणारा अडॅप्टर स्वतःचा घे, दोन घे, आणि त्यावर नेलपेंटनं खूण कर. शेवटच्या दिव्याला १२० ओहमचं टर्मिनेटर लाव. रिकाम्या प्लगात रेझिस्टर डाख देऊन घरी बनतं, डिप्लोमावाल्यांना दहा मिनिटांचं काम.

आणि केबल. कोपर आणि अंगठा यांच्यात दोर गुंडाळतात तशी केबल कधीही गुंडाळू नकोस. आतली तार पिळली जाते, सहा महिन्यांत तुटते, आणि बाहेरून दिसत नाही. एक वेढा सुलटा, एक उलटा. माझ्या हाताखाली नवीन मुलगा आला की मी त्याला पहिला आठवडा फक्त हेच करायला लावतो. कंटाळून दोघं पळून गेले. तिसरा आता माझ्यापेक्षा चांगला मिक्स करतो.

डिप_स्विच

जुन्या एलईडींना डीएमएक्सचा पत्ता (बोर्डानं कुठल्या नंबरानं हाक मारायची तो) द्यायला मागे दहा बारीक पांढरी बटणं असतात, ती नखानं सरकत नाहीत. चष्म्याचा स्क्रूड्रायव्हर घे, वीस रुपयांना मिळतो, पट्ट्यापेक्षा किल्ल्यांच्या रिंगमध्ये बरा राहतो. बटणांचे आकडे १, २, ४, ८, १६ असे दुपटीनं चढतात. पत्ता २१ हवा असेल तर १, ४ आणि १६ वर कर. पहिल्या दिवशी हे तोंडी करून दाखवलंस तर सर दुसऱ्या दिवशी चहा पाजतील.

अंधारातली

सर चहा पाजणाऱ्यांतले वाटत नाहीत, पण बघू :)

हातमोज्यांचं कुणी बोललं नाही. चामड्याचे सगळे पुरुषांच्या मापाचे मिळतात. घातले की बोटांची टोकं रिकामी फडफडतात, नट हातातच धरता येत नाही. आणि बायकांच्या काळ्या पँटींना खिसे नसतात, हा तर वेगळ्या धाग्याचा विषय आहे.

टेम्सकाठी

खिशांचा धागा काढच, मी पहिली येते. मी पुरुषांच्या विभागातून कार्गो घेते, कंबर आवळून घेते, विषय संपला.

हातमोजे: सर्वांत लहान माप घे आणि अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांची टोकं कात्रीनं उडव. नट बोटांनी लागतो, आणि तापलेला दिवा तळहातानं नि उरलेल्या दोन बोटांनी वळवता येतो. एलईडी आल्यापासून लोक म्हणतात हातमोजे कशाला. तासभर पेटलेल्या जुन्या पारला एकदा हात लावला की विचारत नाहीत. उलट हॅलोजनचा दिवा नवा बसवताना काचेला बोट लावायचं नाही, आणि तेलकट हातमोजाही नाही. बोटाचं तेल जिथे लागतं तिथे काच जास्त तापते आणि तिथूनच जाते. ज्या कागदात आला त्याच कागदानं धर.

तिसरी_घंटा

मी रंगमंच व्यवस्था बघते, म्हणजे घंटा देणं, क्यू (आता दिवा, आता आवाज असा इशारा) देणं आणि कुणाचा डबा कुणी खाल्ला याचा तपास. इतका वेळ सगळे पान्यावर बोलतायत म्हणून आले. ताई, पेन्सिल घे. २बी. आणि खोडरबर. क्यू शुभारंभापर्यंत बदलतात, शुभारंभानंतरही बदलतात, पेनानं लिहिलेली संहिता दहाव्या प्रयोगाला वाचता येत नाही.

आणि टॉर्च. इथे भांडण होणार हे माहीत असून लिहिते: निळा जिलेटिनचा तुकडा लावून वापर.

विंगेतला

लाल! निळ्यानं डोळे दिपतात. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, एका निळ्या झोतानं ती मेहनत वाया. लाल उजेडात तसं होत नाही.

तिसरी_घंटा

मान्य. पण लाल उजेडात लाल पेनानं अधोरेखित केलेला क्यू पानावरून गायब होतो. आमच्या आधीच्या व्यवस्थापकांनी सगळ्या वॉर्निंग लाल पेनानं लिहिल्या होत्या, नवीन मुलगा लाल टॉर्च घेऊन बसला, त्याला पान कोरं दिसलं. दुसऱ्या अंकातला फोन वाजलाच नाही. नटानं न वाजलेला फोन उचलला आणि अर्धा मिनिट सासूशी बोलला. प्रेक्षकांना तो विनोद वाटला, टाळ्या आल्या.

म्हणून तर पेन्सिल म्हणतेय. ती लाल, निळ्या कुठल्याही उजेडात काळीच दिसते.

गुण्या_ओळंबा

बोटांच्या फटीतनं उजेड सोडायचा. तीस वर्षं तेच केलं. लाल न्हाई, निळा न्हाई.

टॉर्चचं निघालंच आहे तर एक सांगतो. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आमच्या केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. शाहू महाराजांनी बांधलेलं, पॅलेस थिएटर म्हणून १९१५ साली उभं राहिलेलं. मी तिथं किती सेट लावले त्याची मोजदाद नाही. दुसऱ्या दिवशी बघायला गेलो आणि गेटातनंच परत आलो. तेव्हापासनं कुठल्याही थिएटरात शिरलो की पहिलं काम: टॉर्च मारून आग विझवायची नळकांडी कुठं हायेत, दार कुठल्या बाजूला उघडतंय, ते बघायचं. विजेच्या आगीवर पाणी मारायचं न्हाई हे तुला ठाऊक असेलच. नळकांड्यावर काय लिहिलंय ते उजेड असतानाच वाचून ठेव.

पणजीचा_पाऊस

+१. काटाही बघावा, हिरव्यात आहे का ते.

तिसरी_घंटा

सगळ्यांत शेवटी एक शंका. @अंधारातली, तुम्ही रेडियम आरटीओसमोरून घेतलंत म्हणालात. गाडीच्या नंबरप्लेटवाल्याकडून?

अंधारातली

हो, पिवळं. का? पायऱ्यांच्या कडांना लावायला.

तिसरी_घंटा

रात्री मोरीत जा, दार लावा, दिवा बंद करा आणि पट्टी दिसते का सांगा.

अंधारातली

नाही दिसत :(

टॉर्च मारला की झगझगते, बंद केला की काही नाही.

तिसरी_घंटा

तेच. दुकानदार दोन्हींना रेडियम म्हणतो, आणि खरं रेडियम दोन्हींत नसतं. गाड्यांचं जे असतं ते आलेला उजेड परत फेकतं. ब्लॅकआउटमध्ये उजेडच नाही तर फेकणार काय? आपल्याला लागतं ते उजेड पिऊन घेऊन नंतर अंधारात सोडणारं, फिकट हिरवट. तेही प्रयोगाआधी दिव्याखाली नीट तापवून घ्यावं लागतं, नुसतं पेटीतून काढून चिकटवलं तर ढिम्म. आमच्याकडे हीच चूक झाली तेव्हा नायिका पायरी समजून हवेत पाय टाकून गेली. सुदैवानं दोनच पायऱ्या होत्या.

जाड कापडी गॅफर टेप महाग पडतो, पण रंगमंचावर तोच. पॅकिंगचा ब्राउन टेप लावलात तर काढताना गोंद राहतो आणि थिएटरचा माणूस तुमच्यासमोर उभा राहून तो खरवडायला लावतो. पैसे वाचवायचे तर स्टेशनरीच्या दुकानात पुस्तक बांधणीचा काळा कापडी टेप बघा, खुणांना पुरतो. केबल दाबायला मात्र नाही.

अंधारातली

पहिला आठवडा झाला, म्हणून परत आले. चार प्रयोग. एक ठाण्यात गडकरीला, बाकी पुण्यात.

खरेदी झाली ती अशी: पाना ४८०, मीटर ११००, कपाळावरचा टॉर्च ५५०, हातमोजे १८०, बूट १२००. दीड हजाराच्या आसपास उरलेत, ते गॅफरसाठी आणि कोपरावर_नको यांच्या अडॅप्टरसाठी ठेवलेत. लेदरमॅनला काकांना नको म्हटलं होतं, त्यांनी तरी आणला. आतापर्यंत त्यानं दोन जिलेटिनं कापली आणि एक संत्रं सोललं.

पाना दोरीला बांधलेला बघून सर काही बोलले नाहीत. दुसऱ्या प्रयोगाला त्यांच्याही पान्याला दोरी होती. टेस्टर त्यांनी माझ्याकडून घेतला, त्यांच्या खिशात ठेवला आणि मीटर पुढे कर म्हणाले. गडकरीला एका फ्लॅटची पिन सापडेना. मी खिशातून काकांची तार काढून दिली. सेटवाल्या दादांनी ती उलटसुलट करून बघितली आणि विचारलं, "कुणाकडून शिकलीस?" मी म्हटलं, कोल्हापूरच्या काकांकडून. तर म्हणाले, "तरीच."

रेडियम परत घेत नाही म्हणाला. बाबांनी ते त्यांच्या सायकलला लावलं.

एकच अडचण उरलीय. हे सगळं कमरेला लावायला तयार पाऊच मिळतो तो एकतर सुतारांचा, गुडघ्यापर्यंत लोंबणारा, नाहीतर मोबाइलचा.

गुण्या_ओळंबा

तयार घेऊ नको. फ्लॅटांचं मांजरपाट उरलंय माझ्याकडं, काळं रंगवलेलं. दुहेरी करून टेलरकडनं शिवून घेतो, तीन कप्पे, पान्याला वेगळा. कमरेचं माप आणि पत्ता व्यनि (खासगी निरोप) कर. पट्टा किती रुंद आहे ते पण लिही, मागच्या वेळी एकीनं लिहिलं न्हवतं.